वाढीची खूण

“या पाण्यात माझ्या परवानगीशिवाय एक जंतूसुद्धा शिरू शकत नाही,” कस्टमसाहेबांनी फोनवर जाहीर केलं, आणि त्याच क्षणी त्यांच्या उजव्या हातातल्या भिंगाखालून एक जंतू सावकाश चालत गेला.

तो पांढरा होता, तांदळाच्या कणीएवढा, आणि त्याच्या पाठीवर बारीक झालरी होत्या. त्याला कसलीही घाई नव्हती. घरातला माणूस आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत ज्या चालीने येतो, त्या चालीने तो टाकीतल्या तांबड्या कोरलच्या, म्हणजे जिवंत प्रवाळाच्या, कडेवर आला, क्षणभर थबकला आणि कडेखाली उतरून दिसेनासा झाला.

“हॅलो? साहेब? आवाज गेला का?” पलीकडून खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवणाऱ्या हौशी मंडळाचे अध्यक्ष विचारत होते. ते पेशाने दंतवैद्य होते. समोरचा माणूस गप्प झाला की त्यांना काळजी वाटायची नाही, सवय होती.

“आहे, आवाज आहे.”

“मग रविवारी दुपारी आम्ही सगळे येतोच. आदर्श टाकी म्हणून तुमचीच दाखवायची असं ठरलंय. आणि ते आत्ताचं वाक्य पुन्हा सांगा ना. लिहून घेतो. मंडळींना वाचून दाखवीन.”

साहेबांनी वाक्य पुन्हा सांगितलं. या खेपेला जरा हळू, टाकीत ऐकू जाणार नाही अशा बेताने.

उभी हयात साहेबांनी विमानतळावर लोकांच्या बॅगा उघडण्यात घालवली होती. बुटांच्या टाचांत, बाहुल्यांच्या पोटांत, एकदा तर एका गृहस्थाच्या केसांच्या टोपाखाली लपवलेला माल त्यांनी बाहेर काढला होता. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना अंगठ्याच्या नखाएवढा कोरलचा तुकडा पिशवीतल्या पाण्यासकट भेट दिला. साहेबांनी आभाराचं भाषण करण्याआधी पिशवी उजेडात धरून तपासली. आज तोच तुकडा जेवणाच्या ताटाहून मोठा झाला होता. तांबड्या, पातळ थाळ्या एकीवर एक उमलत गेल्या होत्या. बाहेरच्या खोलीत जिथे पूर्वी सोफा होता तिथे आता ही टाकी होती, आणि जिथे पूर्वी पाहुणे होते तिथे साहेबांची खुर्ची.

टाकीचा कायदा कडक होता. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जिवाला आधी तपकिरी औषधाच्या पाण्यात आंघोळ, मग मागच्या गॅलरीतल्या छोट्या टाकीत मुक्काम. या छोट्या टाकीला साहेब कोठडी म्हणत. तिथे काही आठवडे निर्दोष राहून दाखवलं तरच मोठ्या टाकीत प्रवेश. साहेबांच्या मेहुणीचीही टाकी होती, पण तिथे आला गेला कुणीही राहायचा. साहेब तिला धर्मशाळा म्हणत. मेहुणी शिवणकाम करायची आणि आपल्या कोरलचे तुकडे कोटाच्या जुन्या बटणांवर चिकटवून वाटायची. “आता काजंही करून दे,” साहेब तिला म्हणाले होते. तेव्हापासून धर्मशाळेतून या घरात काही आलं नव्हतं.

घरालाही कायदा लागू होता. साहेबांची पत्नी बाहेरून आली की खुर्चीतूनच प्रश्न जायचा, “काही जाहीर करायचंय?” आणि ती “नाही” म्हणून पिशवीसकट स्वयंपाकघरात निघून जायची. तिने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता, त्यामुळे गल्लीत तिला सगळे बाई म्हणत. या प्रश्नोत्तराला आता कुणी हसत नव्हतं, आणि ते थांबवायचंही कुणाला सुचत नव्हतं.

मागे एकदा बाईंनीच सांगून पाहिलं होतं.

“अहो, त्या तुमच्या थाळीच्या कडा पांढऱ्या पडल्यात.”

साहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांना सविस्तर समजावलं होतं. हे कोरल कडेने वाढतं. नवीन वाढ आधी पांढरीच असते, रंग मागून भरतो. ती वाढीची खूण आहे.

“बरं,” बाई म्हणाल्या होत्या. नकाशात राजधानी नदीच्या चुकीच्या काठावर काढणाऱ्या मुलाला त्या जे बरं म्हणत, त्यातलंच ते होतं.

आता साहेबांनी फोन ठेवला, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. थाळी खडकावरून अलगद सोडवून त्यांनी टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात उलटी धरली. वरून राजवाडा दिसणाऱ्या त्या कोरलच्या खाली अख्खी वस्ती होती. पांढऱ्या कण्या इकडून तिकडे चालल्या होत्या, आणि मधून मधून अंड्यांचे गोल पुंजके चिकटलेले होते. जिथे जिथे त्या जाऊन आल्या होत्या तिथे नुसता हाडासारखा पांढरा सांगाडा उरला होता.

“अगं ए! इकडे ये! धावत ये!”

बाई हात पुसत आल्या. साहेबांच्या हाकेत घाबरणं होतं, पण त्याखाली आणखी काहीतरी होतं, जे त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. टोपवाला पकडला त्या दिवशी साहेब घरी आले होते, तेव्हाचा तो आवाज होता.

“हे काय?”

“गोगलगाय! समुद्रातली, बिनकवचाची. आजी, पणजी, खापरपणजी, सगळा गोतावळा आहे बघ!”

“म्हणजे वाढ नव्हती ती.”

साहेबांनी भिंग आणखी जवळ नेलं.

“वाचेल ना हो?” बाईंनी भांड्याच्या कडेला बोट लावत विचारलं.

“औषधाने गोगलगाई मरतात, अंडी मरत नाहीत. ती हाताने घासून काढायची, दर काही दिवसांनी. एक राहिलं तरी पुन्हा पहिल्यापासून. वेळेवर जमलं तर वाचेल. नाहीतर संपलं.” साहेब बोलता बोलता न्हाणीघरात जाऊन आले. हाताला आला तो दात घासायचा ब्रश त्यांच्या मुठीत होता. “पण त्याआधी मला सांग, ही आली कुठून?”

“मला काय ठाऊक,” बाई म्हणाल्या आणि गॅसवर काही नसताना गॅस बघायला गेल्या.

साहेब तपासाला लागले. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं कुठल्या कुठे पळालं. सकाळी चहा निवून जाऊ लागला. थाळीला तपकिरी आंघोळ घालायची, खालून ब्रशने अंडी घासायची, पुन्हा आंघोळ, पुन्हा टाकीत. आणि मधल्या वेळात हातात भिंग आणि तोंडाने खटला. कारण या प्रकरणात एक अशी गोम होती की साहेबांच्या अंगावर काटा यायचा. ही गोगलगाय फक्त याच जातीचं कोरल खाते. दुसरं काही समोर ठेवलं तर उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही. म्हणजे ती आली असणार तीही याच जातीच्या दुसऱ्या कोरलवर बसून. आणि त्या जातीचं दुसरं कोरल टाकीत नव्हतंच. वर्षभरात नवीन काहीच आलं नव्हतं. आरोपी हजर होते, मुद्देमाल हजर होता. फक्त गाडी सापडत नव्हती.

त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

“खरं सांगा, तुमच्या दुकानात कीड आहे की नाही?”

“साहेब, असेलही. पण तुम्ही माझ्याकडून शेवटचं नेलंत त्याला तीनदा औषधात बुडवलंत आणि कोठडीत टाकलंत. ते जगलं याचंच मला नवल वाटलं. किडीची काय टाप?”

दुकानदार सुटला. मग साहेबांनी मिठाच्या डब्यावर संशय घेतला, पाण्याच्या गाळणीवर घेतला, एका निरुपद्रवी खेकड्याला ग्लासात घालून दोन तास समोर बसवलं. खेकड्याने ताकास तूर लागू दिली नाही. सगळे खडक खालून पाहून झाले, मागची काच पाहून झाली, दंतवैद्य वापरतात तसला छोटा आरसा काठीला बांधून फटी पाहून झाल्या. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. आणि रविवार जवळ येत होता.

“त्यांना येऊ नका म्हणून सांगा,” बाई एकदा म्हणाल्या.

“आणि कारण काय सांगू? पकडला न जाणारा चोर आहे घरात, असं?”

बाईंच्या हातातली वाटी जरा आपटली.

शनिवारी सकाळी थकून साहेब खुर्चीत बसले आणि त्यांना आपलंच एक जुनं वाक्य आठवलं. नवीन भरती झालेल्या पोरांना ते सांगायचे, बॅग बघू नका रे, बॅगेला काय कळतंय. माणूस बघा. ज्याचा माल असतो तो मालाकडे बघतो, नाहीतर मुद्दाम बघत नाही.

आठवडाभर ते नुसती बॅग उघडून बसले होते.

खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बाई चहा घेत होत्या. साहेबांनी वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्या वरच्या काठावरून टाकीकडे नव्हे, बायकोकडे पाहायला सुरुवात केली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण चहा पिताना ती कुठे बघते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिने एक घोट घेतला. थाळीकडे पाहिलं, काळजीने. दुसरा घोट. मग तिची नजर हळूच डावीकडे सरकली, एका कोपऱ्यात जाऊन टेकली आणि तिथेच राहिली. चेहरा एकदम मऊ झाला आणि मग पडला. आजारी मुलाच्या खोलीत डोकावून आल्यावर होतो तसा. नंतर तिने नवऱ्याकडे पाहिलं. साहेब क्रीडापृष्ठावर होते.

ती कप घेऊन आत गेली. साहेब उठून टाकीपाशी गेले. डाव्या कोपऱ्यात फक्त थर्मामीटर होता. रोज सकाळी उठल्याबरोबर ते त्याच्यासमोर उभे राहत, आकडा मोठ्याने वाचत आणि समाधानाने वळत. त्यांनी आकडा वाचला. मग आयुष्यात पहिल्यांदा आकड्याच्या शेजारी पाहिलं.

खडकाच्या छोट्या कंगोऱ्यावर, थर्मामीटरला अगदी खेटून, एक हिरवं कोरल होतं. रंग वेगळा, जात तीच. रुपयाहून थोडं मोठं. हिरव्यावर केशरी ठिपके, इतके टवटवीत की कुणीतरी आत्ताच कुंचल्याने रंगवून ठेवलेत असं वाटावं. त्याची अर्धी बाजू पांढरी पडली होती.

साहेबांनी ते दोन बोटांत धरून पाण्याबाहेर काढलं, भांड्यात उलटं केलं. पांढऱ्या कण्या चालल्या होत्या. आणि त्या चालल्या होत्या एका चार भोकांच्या, काळ्या, कोटाच्या बटणावरून.

ते हसले. आवाज न करता, पोट हलेपर्यंत हसले. काय जागा निवडली होती! मागे नाही, खाली नाही, फटीत नाही. शेवटच्या बाकावरची पोरं पकडली जातात हे मास्तरणीलाच माहीत. पहिल्या बाकावरच्यांकडे कोण बघतो? रोज सकाळी तिच्या तस्करीसमोर उभं राहून ते तपमान जाहीर करत होते आणि ती खिडकीपाशी चहा पीत ऐकत होती.

मग हसू हळूहळू ओसरलं. कोणत्या दिवशी आणलं असेल? बहिणीकडून ती किती वेळा आली होती. प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी ती नाही म्हणाली होती. त्यातलं ते एक नाही कोणतं, त्यांना आठवेना. सगळी एकसारखीच होती. या घरातल्या सर्वांत मोठ्या वस्तूत बायकोचं काय आहे असा विचारही त्यांच्या मनात आला नव्हता, आणि तिने एक रुपयाएवढी जागा घेतली होती. ती जागाही आता मरत होती, आणि तिला तोंड उघडता येत नव्हतं. कडा पांढऱ्या पडल्यात, ही खबर तिने थाळीचं नाव घेऊन दिली होती; मनात कोणत्या कडा होत्या, कोण जाणे.

नियमाप्रमाणे बिनपरवानगीचा माल जप्त करून नष्ट करायचा असतो. कचऱ्याची बादली पायाशीच होती. साहेब बटण हातात धरून उभे राहिले. स्वयंपाकघरात नळ वाहत होता. मग नळ बंद झाला. भांड्यांचा आवाजही थांबला.

साहेबांनी मोठ्याने खाकरून घसा साफ केला आणि तपकिरी औषधाची बाटली उघडली.

थाळीला घासताना ते जोर लावत; याला त्यांनी ब्रशच्या टोकाने नुसतं गोंजारलं. बटणाची चारही भोकं काडीने कोरली. दोनदा आंघोळ झाल्यावर त्यांनी ते होतं तिथे, त्याच कंगोऱ्यावर परत ठेवलं आणि जाऊन बाईंच्या खुर्चीत बसून पाहिलं. थर्मामीटर थोडा मध्ये येत होता. साहेब उठले आणि तो काढून त्यांनी उजव्या कोपऱ्यात लावला.

दुपारी बाई खिडकीपाशी बसल्या. बराच वेळ बसल्या.

“थर्मामीटर हलवलात?”

“हो. मध्ये येत होता.”

“कशाच्या मध्ये?”

“असाच,” साहेब म्हणाले आणि शब्दकोड्यात डोकं घातलं.

रविवारी मंडळ आलं. पाच-सहा माणसं होती, पण टाकीसमोर उभी राहिली की जमाव वाटायची. कुणी वाकलं, कुणी गुडघ्यावर बसलं, कुणी काचेवर श्वास सोडून ती बाहीने पुसली. अध्यक्षांनी खिशातून कागद काढून ते वाक्य खणखणीत वाचलं. टाळ्या पडल्या. साहेब हात मागे बांधून खाली बघत होते.

“आणि ही बघा थाळी!” अध्यक्षांनी बोट दाखवलं. “कडा बघा कशा पांढऱ्याशुभ्र! याला म्हणतात वाढ!”

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. साहेबांनी एकवार तिकडे पाहिलं.

“वाढ नाही ती,” ते म्हणाले. “किडीने खाल्लंय.”

“कीड? इथे?” अध्यक्षांचा कागद तसाच हवेत राहिला. “पण मग हे वाक्य?”

“वाक्य बरोबर आहे. परवानगीशिवाय इथे काही येत नाही. परवानगी मीच दिली. एक तुकडा तपासणी न करता सोडला.”

“तुम्ही? तुम्ही सोडलात?”

“ओळखीतला होता,” साहेब म्हणाले.

ट्रेवरचे कप किणकिणले. मग मागून एका रिटायर्ड बँक मॅनेजरने हळूच सांगितलं की त्याच्याकडेही ही पांढरी बया गेल्या वर्षीपासून आहे. लाजेने बोलला नव्हता, एवढंच. त्याची बायको म्हणाली, एवढंच काय, खेकडा पण आहे, केसाळ. आणि मग बांध फुटला. कुणाकडे किडे होते, कुणाकडे चिकट शेवाळ होतं, एकाकडे तर दोन वर्षं टाकीचं झाकण लावून कुणाला आत बघू दिलं जात नव्हतं. अध्यक्षांनी घाम पुसून कबूल केलं की त्यांच्या खडकात हातभर लांबीचा एक जबडेवाला किडा राहतो आणि तो त्यांच्याहून नियमित जेवतो. सगळे एकाच वेळी बोलत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. मंडळाची इतकी रंगलेली सभा यापूर्वी झाली नव्हती.

अध्यक्षांनी कोटातून आपला तोंडात घालायचा छोटा आरसा काढला, स्वच्छ धुतला, थाळीखाली सरकवला आणि सवयीने म्हणाले, “आ करा.” मग बराच वेळ पाहून म्हणाले, “साफ आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघावं लागेल, पण आत्ता साफ आहे. वाचेल हो हे.” आरसा काढता काढता ते डावीकडे वळले. “अरे! हे हिरवं कोण? गोड आहे. हेही वाचेल.”

बाईंनी चहा द्यायला सुरुवात केली. पहिला कप पाहुण्यांना सोडून त्यांनी साहेबांच्या हातात दिला, आणि त्यात साखर दोन चमचे होती, जी डॉक्टरांनी बंद केली होती.

संध्याकाळी मंडळी गेली. खोलीत टाकीचा निळा उजेड आणि काचेवर सगळ्यांच्या बोटांचे ठसे उरले. बाई रिकामे कप गोळा करून निघाल्या, आणि साहेबांनी खुर्चीतून, टाकीकडेच बघत, विचारलं,

“काही जाहीर करायचंय?”

बाई थांबल्या. हातात पिशवी नव्हती, ट्रे होता. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. डाव्या कोपऱ्यात पाहिलं, मग नवऱ्याच्या डोक्यावरच्या विरळ केसांकडे पाहिलं.

“हो,” त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हे उत्तर पहिल्यांदाच आलं होतं. साहेब वळले.

“तुम्ही ते दोन्ही ज्याने घासताय ना, तो ब्रश माझा आहे. त्या दिवसापासून मी बोटाने दात घासतेय. उद्या फिरायला जाल तेव्हा एक नवा आणा. मऊ.”